बाभळीच्या खांबाचे तीन तुकडे

एकदा एक पितळेचा साप होता. प्राचीन इस्राएल लोकांच्या राजधानीत, मंदिराच्या अंगणात, बाभळीच्या एका खांबाला वेटोळे घालून तो बसलेला असे. त्याची कथा तिथल्या लेकरांनाही तोंडपाठ होती. पूर्वज गुलामीतून सुटून वाळवंटातून चालले होते आणि वाटेत देवाच्या नावाने कुरकुर करू लागले, तेव्हा विषारी सापांनी त्यांना गाठले. माणसे पटापट मरू लागली. मग देवाच्या आज्ञेने त्यांच्या नेत्याने पितळेचा साप घडवून उंच खांबावर चढवला. दंश झालेला जो कोणी त्याच्याकडे पाही, तो जगे. पुढे वाळवंट सरले, देश मिळाला, मंदिर उभे राहिले. साप मात्र लोकांनी जपून ठेवला, आणि जपता जपता त्याच्यापुढे धूप जाळू लागले, नवस बोलू लागले. आपल्याला यावर हसायला फारशी जागा नाही, म्हणून पुढे जाऊ.

या सापाची निगा एक वृद्ध राखत असे. मंदिराची सेवा ज्यांच्याकडे वंशपरंपरेने होती त्या लेवी घराण्यातला तो होता, आणि सारे त्याला आबा म्हणत. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता, अठ्ठावीस वर्षांचा. सात वर्षांचा असताना या शिष्याला द्राक्षमळ्यात साप चावला होता. आईने त्याला उचलून या पितळी सापापुढे आणले आणि तो वाचला. तिने त्याला इथेच सेवेला वाहिले. तेव्हापासून एकवीस वर्षे तो रोज राख आणि आंबलेला द्राक्षरस लावून ते पितळ घासत होता. आपला प्राण त्या धातूत आहे, अशी त्याची मनोमन खात्री होती.

त्या वर्षी नव्या राजाने आज्ञा काढली की देवाखेरीज ज्याची पूजा होते ते सर्व फोडून टाकावे. पितळी सापाचे नाव आज्ञेत होते. दुसऱ्या दिवशी माध्यान्ही राजाची माणसे हातोडे घेऊन मंदिरात येणार, अशी दवंडी फिरली.

शिष्याने आबांना सांगितले की तेलाच्या घाण्यामागे पाण्याची एक कोरडी टाकी आहे, साप तिच्यात लपवता येईल. राजे येतात आणि जातात, वारे फिरले की पुन्हा काढता येईल. आबा ऐकत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. फक्त, आज घासायचा राहिला आहे तेवढा घासून घे, एवढेच बोलले. शिष्याला त्यांचा राग आला. चाळीस वर्षे ज्याची सेवा केली त्याच्यासाठी या माणसाच्या डोळ्यांत पाणी कसे येत नाही, ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच अंगण भरले. शेवटचा धूप जाळायला लोक रांग लावून उभे होते. सूर्य वर चढत होता. इतक्यात चौघेजण एका माणसाला घोंगडीत घालून धावत आले. मळ्यात काम करताना त्याच्या पायाला साप चावला होता. पाय काळानिळा पडून गुडघ्यापर्यंत सुजला होता. त्याची बायको मुठीत धूप घट्ट धरून मागून धावत होती. तिथला रिवाजच तसा होता. दंश झाला की आधी वेशीजवळ थांबून धूप घ्यायचा, मग चढ चढून रुग्णाला अंगणात आणायचे, रांगेत उभे राहायचे, आणि पाळी आली की धूप जाळून रुग्णाचे ओठ सापाला टेकवायचे. याच चढावर अर्ध्या वाटेत होग्ला नावाची म्हातारी वैदू राहत असे. दंशावरच्या मुळ्या तिला ठाऊक होत्या. पण तिच्या दारावरून लोक धावत पुढे जात, कारण देवाकडे जाताना मध्येच वैदूकडे थांबणे हा अविश्वास समजला जाई. या चौघांनीही तिचे दार मागे टाकले होते.

आबा उठले आणि त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. रुग्णाला सापाजवळ आणू दिले नाही, तिथेच सावलीत निजवले. मग सर्वांच्या देखत त्यांनी तो साप खांबावरून उतरवला, आपल्या उपरण्यात गुंडाळला आणि शिष्याच्या हातांत दिला.

"जा," ते म्हणाले. "आणि होग्लाला घेऊन ये."

 अंगणात एकच गलका उठला. बाई आक्रोश करू लागली की मरत्या माणसासमोरून देव पळवला. कोणीतरी दगड उचलला. शिष्याने मागे पाहिले नाही. जमावातून वाट काढत तो निसटला, आणि त्याच्या मनात आनंद उसळला. आबांनी शेवटी आपले ऐकले, असे त्याला वाटले. घाण्यामागची टाकी याच उतारावर होती, होग्लाच्या घरापासून थोडी पुढे. दोन्ही कामे एकाच वाटेवरची होती.

पितळ सहा वर्षांच्या मुलाएवढे जड होते. ते छातीशी कवटाळून तो उतरला. होग्लाच्या दारात थांबून त्याने धापा टाकत सांगितले की मळ्यातल्या माणसाला साप चावला आहे, आबांनी बोलावले आहे. म्हातारीने लगेच मुळ्यांची झोळी गळ्यात अडकवली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"माझे गुडघे गेलेत रे," ती म्हणाली. "चढ नाही चढवत. उचलून न्यावं लागेल."

शिष्य आपल्या हातांतल्या ओझ्याकडे पाहू लागला. वरच्या रस्त्यावरून घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. राजाची माणसे निघाली होती. टाकीपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागेल, याचा त्याने हिशोब केला. सूज कुठवर आहे, असे म्हातारीने विचारले. गुडघ्यापर्यंत, असे त्याने सांगितले. तो माणूस अजून किती तग धरेल, असे त्याने चाचरत विचारले.

"तू इथं उभा आहेस ना," होग्ला म्हणाली, "तेवढाही वेळ त्याच्याकडे नाही."

आयुष्यात इतका घाबरलेला तो कधीच नव्हता. सात वर्षांचा असताना विष अंगात चढत होते तेव्हाही नव्हता. हे पितळ खाली ठेवले तर आपणच मरून पडू, असे त्याला खरोखर वाटत होते. बोटे उघडेनात. एकेक बोट सोडवून त्याने ते गाठोडे उंबऱ्यापाशी धुळीत ठेवले. मग तो पाठमोरा वाकला, म्हातारीला पाठीवर घेतले आणि चढ चढू लागला. दहा पावले गेल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण अजून जिवंत आहोत.

अंगणात पोहोचला तेव्हा आबांच्या कपाळातून रक्त वाहत होते. दगड लागला होता. त्या माणसाचे डोके मांडीवर घेऊन ते तसेच बसून होते, जागचे हलले नव्हते. होग्लाने कोणाकडे पाहिले नाही. मुळी चघळून तिने जखमेवर लावली, उगाळलेले औषध त्याच्या तोंडात घातले, आणि हलू नकोस, फक्त वर बघत राहा, असे त्याला बजावले. लोक दगड हातात धरून उभे राहिले. धूप कोणी जाळला नाही, कारण जाळायचा कशापुढे ते कोणाला कळेना. सावली खांबाच्या बुंध्याशी आली तेव्हा त्या माणसाने पाणी मागितले. त्याच्या बायकोच्या मुठीतला धूप घामाने भिजून गोळा झाला होता.

राजाची माणसे आली ती त्याच वेळी. त्यांच्या नायकाने रिकामा खांब पाहिला आणि साप कुठे आहे असे आबांना विचारले. आबा म्हणाले, मला ठाऊक नाही. ते खरेच होते. नायकाने हात उगारून सांगितले की साप मिळाला नाही तर या म्हाताऱ्याला बेड्या घालून नेऊ. तरीही आबांनी शिष्याकडे नजर वळवली नाही. शिष्याच्या मनात आले, आबा गप्प आहेत. आपणही गप्प राहिलो तर संध्याकाळी टाकीपर्यंत जाता येईल.

"होग्ला आजीच्या उंबऱ्यावर आहे," तो म्हणाला. "मी आणतो."

त्याने तो आणला आणि स्वतःच्या हाताने दगडावर ठेवला. चार घावांत काम झाले. एवढ्या जुन्या वस्तूचा आवाज काही निराळा येईल असे लोकांना वाटत होते. तो कोणत्याही भांड्याचा येतो तसाच आला.

माणसे निघून गेल्यावर शिष्याने आबांचे कपाळ धुतले.  त्याने विचारले, साप द्यायचाच होता तर माझ्या हातात का दिलात?

आबा आपल्या खोलीत गेले आणि बाभळीच्या लाकडाचे तीन जुने तुकडे घेऊन आले. ते त्यांनी खांबाच्या बुंध्यापासून जमिनीवर एकापुढे एक मांडले. आजचा खांब माणसाच्या छातीएवढा होता. तुकड्यांसह तो घराच्या छपराच्या वर गेला असता.

"वाळवंटात खांब एवढा होता," आबा म्हणाले. "लोक पायाखाली बघत चालत होते आणि पायाखाली साप होते. ज्याला चावला तो जखमेकडे बघत मरत होता. देवानं उंच खांब सांगितला, म्हणजे मान वर होईल. साप होता तो नजर तिथवर नेण्यापुरता. वर आकाश होतं, आणि जो देतो तो. पुढं लोकांना हात लावावासा वाटला म्हणून एकानं खांब कापला. ओठ टेकवायचे म्हणून दुसऱ्यानं कापला. गुडघ्यावर बसून धूप जाळता यावा म्हणून तिसरा तुकडा कापला, तो मी. या हातांनी. खांब कापला गेला तशी लोकांची मान खाली आली, आणि मी चाळीस वर्षं ते बघत बसलो. राजाला आज जे कळलं ते मला फार आधी कळलं होतं. माझी हिंमत झाली नाही. काल तू टाकीचं बोललास तेव्हा समजलं की हातोड्यानं पितळच फुटेल, तू दहा दिवसांत दुसरा घडवशील. तो तुझ्या हातून खाली ठेवला जायला हवा होता."

 एकवीस वर्षांत कधीच न पडलेला प्रश्न शिष्याने विचारला. 

"मग त्या दिवशी मला कोणी वाचवलं, आबा?"

"देवानं," आबा म्हणाले. "कोणाच्या हातून, ते विचार. तुझी आई रांगेत उभी होती. होग्ला मागून चढ चढून आली. तेव्हा तिचे गुडघे धड होते. आईच्या काखेखालून हात घालून तिनं तुझ्या पायाला मुळी लावली. तुझं तोंड पितळाकडे होतं, आईचंही. तुम्ही दोघांनी तिला पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि बोललो नाही."

दुपार कलताना शिष्याने होग्लाला पुन्हा पाठीवर घेतले आणि तिच्या घरी पोहोचवले. उंबऱ्यापाशी धुळीत सापाच्या वेटोळ्याचा ठसा तसाच होता. तो ओलांडून त्याने तिला आत बसवले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. सांगायचे खूप होते. त्याने एवढेच सांगितले की आजी, मी तो मळ्यातला सात वर्षांचा मुलगा.

होग्लाने आठवून पाहिले. तिला आठवेना. अशी पुष्कळ मुले येऊन गेली होती.

"कोणता पाय रे?" तिने विचारले.

त्याने उजवा पाय पुढे केला. घोट्यावर दोन पांढरे ठिपके होते. म्हातारीने त्यांवरून अंगठा फिरवला.

"सकाळी मला वर घेऊन गेलास तो याच पायावर ना?" ती म्हणाली. "मग झालं."

त्याने मान वर केली. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिचा चेहरा नीट पाहिला.