पाठ फिरवून धरलेला दोर

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. डोंगरांना अजून नावेही पडली नव्हती, तेव्हाची. एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांची वाडी होती. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळे लोंबत. वाडीतले तरणे गडी कमरेला दोर बांधून, हातात धुराची चूड घेऊन खाली उतरत आणि मधाचे पोळे कापून वर येत.

तुम्ही विचाराल, वरून दोर कोण धरी? लग्न झालेल्याचा दोर त्याचा मेव्हणा धरी, आणि बिनलग्नाच्या मुलाचा त्याची आई. तशी रीतच होती. दोर धरणाऱ्याने कड्याकडे पाठ करून बसायचे, टाचा खडकात रोवायच्या आणि खाली डोकावायचे नाही. डोकावले की भीती वाटते, आणि भ्यालेला हात नको तेव्हा ओढतो. खालच्याने एक हिसका दिला तर दोर सैल सोडायचा, दोन दिले तर वर ओढायचे. हिसकाच नसेल, तर स्वस्थ बसायचे. न मागता दोर ओढला, तर खालच्याची पावले सुटतात आणि तो खडकावर आपटतो.

या वाडीत एक आई आणि तिचा तरणाताठा मुलगा असे दोघेच राहत. एके दिवशी मुलगा कड्याच्या मध्यावर असताना वरून एक धोंडा निसटला आणि त्याच्या मांडीवर आदळला. दोराला एकदम ओझे आले. दोर आईच्या तळहातांची साल काढत सरकू लागला. पण तिने मुठी उघडल्या नाहीत. माणसे धावली. खालून दोन हिसके आले, तसे सगळ्यांनी मिळून मुलाला वर ओढले. “आईनं दोर सोडला नाही, म्हणून पोरगा वाचला,” असे वाडी म्हणू लागली, आणि ते खरेच होते.

मांडीचे हाड मोडले होते. वैद्यबाबांनी ते बसवले, वर बांबूच्या कामट्या बांधल्या. पावसाळाभर मुलगा अंथरुणाला खिळून होता. आई त्याला भरवी, कुशीवर वळवी आणि तो झोपला की श्वास चालू आहे ना, ते पुन्हा पुन्हा पाही.

कामट्या सोडल्या त्या दिवशी वैद्यबाबा म्हणाले, “हाड सांधायचं काम माझं होतं, ते झालं. पाय चालवायचं काम आता याचं. त्या पायावर यानं स्वतःचा भार टाकायला हवा. थंडी सरेपर्यंत टाकला नाही, तर सांधा आखडेल. मग माझ्याकडे येऊ नका, माझ्याकडे त्यावर औषध नाही.”

“आणि पडला तर?” आईने विचारले.

“पडेल की. उठेल.”

आईने तोच कड्यावरचा दोर अंगणातल्या चिंचेच्या आडव्या फांदीवरून घेतला, एक टोक मुलाच्या काखेखालून बांधले आणि दुसरे आपल्या हातात धरले. मुलाने पाऊल टाकले. गुडघा लटपटला. आईने दोर ओढला. मुलाचे पाय जमिनीवरून सुटले आणि तो अधांतरी झुलू लागला. तिने हळूच खाली सोडले. पुन्हा पाऊल, पुन्हा कापरे, पुन्हा ओढ.

असे रोज चाले. कुंपणाशी उभी राहून शेजारीण म्हणे, “काय बाई माया! अजून दोर सुटला नाही हिच्या हातून.” मुलाचा एक सोबती मात्र जाता जाता हसला. “काय रे, आईनं शिंक्यात ठेवलंय का तुला? मांजर खाईल म्हणून?” मुलाने मान खाली घातली.

आईलाही सुख नव्हते. तेल चोळताना तिच्या हाताला कळे की पोटरी भरत नाही, उलट बारीकच होते आहे. हे तिने कोणालाच सांगितले नाही. पहाटेचे धुके विरळ होऊ लागले, तशी तिची भूक उडाली. थंडी चालली होती, आणि पाय जिथल्या तिथे होता. ‘मी कमी पडते आहे,’ असे वाटून ती दोर आणखी घट्ट धरी.

एके सकाळी मुलगा उठलाच नाही.

“ऊठ रे बाळा, दिवस थोडे राहिले.”

“उठून काय करू? लोंबकळू?”

“असं काय बोलतोस?”

“आई, मला कडा नको की मध नको. त्या दाराशी रांजण आहे ना, त्यातलं पाणी माझ्या हातानं घ्यायचंय. बस.”

“मी देते की आणून!”

“तेच तर!” तो म्हणाला, आणि मग त्याने विचारले, “कड्यावर मी हिसका दिल्याशिवाय तू कधी दोर ओढलास?”

“छे! ओढला असता तर तू आपटला असतास.”

“मग इथं का ओढतेस?”

आई म्हणाली, “तिथं तू दिसत नव्हतास. इथं तुझा गुडघा लटपटताना दिसतो रे.”

“मग बघू नकोस.”

आईने त्याला धरून अंगणात आणले, त्याच्या काखेखालून दोर बांधला आणि ती चिंचेखाली गेली. मुलाकडे पाठ करून बसली. टाचा मातीत रोवल्या, दोर मुठीत घेतला. मागे पावलाचा आवाज झाला. मग दुसऱ्या पावलाचा. दोर थरथरला. तिची बोटे आवळली. पण हिसका नव्हता. ती स्वस्थ बसली.

आणि मागे धप्पकन आवाज झाला.

मुलगा पडला होता. आईने पदर दातांत धरला. मान वळू पाहत होती, हात ओढू पाहत होते. हाड पुन्हा मोडले असेल का? तो शुद्धीवर असेल ना? दोर सैल लोंबत होता. हिसका येत नव्हता. धोंडा निसटला त्या दिवशी मुठी बंद ठेवणे इतके अवघड गेले नव्हते, जितके आता हात थोपवणे जात होते.

मग मातीवर तळवे घासल्याचा आवाज आला. कण्हणे आले. दोर हळूहळू ताठ झाला, आणि त्याला एक हिसका बसला.

एकच. सैल सोड.

आईने वीतभर दोर सोडला. थोड्या वेळाने पुन्हा एक हिसका आला. तिने आणखी सोडला. दोर सरकत राहिला आणि तळहातांवरच्या जुन्या वणांवरून जात राहिला. मग मागे कुठेतरी लाकडी झाकण उचलल्याचा आवाज झाला, आणि पाण्यात तांब्या बुडाला.

“आई, तुला हवंय का पाणी?”

“आता वळू का रे?” तिने विचारले.

“वळ.”

त्यानंतरही मुलगा कितीदा तरी पडला. दोनदा त्याने दोन हिसके दिले, आणि दोन्ही वेळा आईने क्षणात वर ओढले. थंडी सरण्याआधी सांधा मोकळा झाला. चालीत लंगड राहिली ती राहिलीच, आणि कड्यावरून तो पुन्हा उतरला नाही. पण पुढे ज्यांना आई किंवा मेव्हणा नव्हता, त्यांचे दोर तोच धरू लागला. कड्याकडे पाठ करून तो असा शांत बसे की खाली उतरणाऱ्याची निम्मी भीती तिथेच जाई.

बोध: स्वतःला सावरू पाहणाऱ्या माणसाचा दोर कधी सोडू नये, पण तो केव्हा ओढायचा हे त्यालाच ठरवू द्यावे.