मास्तरांची ओंजळ

“आणि गाढव कुठं गेलं?”

“काढून टाकलं,” सलोमी म्हणाली.

याकोबमास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. जणू ते मागच्या बाजूला चरत असावं.

“उद्या झावळ्यांचा रविवार. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला तो दिवस. आणि तुझ्या प्रवचनात गाढवच नाही?”

“राजा आहे ना! स्वर्गपृथ्वीचा धनी. तेवढा पुरे.”

मास्तरांनी कागद पुन्हा सुलटा केला.

दोघं मिशनच्या शाळेच्या ओसरीवर बसले होते. शाळा बंद पडून अकरा वर्षं झाली होती. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा तेवढा अजून कडुलिंबाला लोंबत होता. याच ओसरीवर मास्तरांनी सलोमीचं बोट धरून पाटीवर ‘अ’ गिरवून घेतला होता. तेव्हा ही ओसरी केवढी मोठी वाटायची! आता चार पावलांत संपत होती.

पुण्याला तीन वर्षं धर्मशास्त्र शिकून सलोमी परवाच खडकेवाडीला परतली होती. उद्या देवळात तिचं पहिलं प्रवचन. पण पोरीनं उभं राहून उपदेश करायचा म्हटल्यावर मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, आणि शेवटी सगळं मास्तरांवर टाकलं. मास्तर हो म्हणाले तर सलोमी बोलेल. नाही म्हणाले तर ती नेहमीसारखी भजनाला पेटी वाजवील.

पेटी! तीन वर्षांचा अभ्यास एका पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या मान हलवण्यावर येऊन अडला होता. आणि हा माणूस गाढव शोधत होता.

“मास्तर, मुद्दा सरळ आहे. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. एकाच व्यक्तीच्या ठायी दोन स्वभाव, अविभक्त, अमिश्रित, अपरिवर्तनीय...”

“हे सगळं पुण्याहून आणलंस?”

“हो.”

“कंडक्टरनं लगेज लावलं नाही?”

सलोमीला हसू आलं, आणि त्यामुळं ती आणखीच चिडली.

“थट्टा नको. हो म्हणा, नाही तर नाही म्हणा.”

“गाढव का काढलंस ते सांग.”

“कारण आपल्या लोकांना नम्रता शिकवायची गरजच नाही!” ती उठून उभी राहिली. “गावच्या विहिरीला आपल्या आज्यापणज्यांना हात लावू देत नव्हते. खाली बसवायचे. वरून कोणीतरी पाणी ओतायचं आणि हे ओंजळीनं प्यायचे. आजी सांगायची ना, अर्धं पाणी कोपरावरून मातीत जायचं म्हणून. पुरे झालं ते वाकणं. मला वाकलेला देव सांगायचा नाही. ताठ देव सांगायचाय.”

कडुलिंबाची दोन पिवळी पानं ओसरीवर पडली. मास्तरांनी ती उचलून बाजूला ठेवली.

“माझा बाप बसायचा तसा,” ते म्हणाले.

“मग? तुम्हाला तर कळायला हवं.”

“पुढं मिशननं ही विहीर खणली. आपली. हवी तितकी बादली काढा, कोणी विचारणारं नव्हतं. आईनं पितळी तांब्या आणला, घासून लख्ख केला. पण बाप मरेपर्यंत ओंजळीनंच पाणी प्यायला.”

“स्वतःच्या विहिरीवर? का?”

“मीही विचारलं होतं. असाच ओरडून.”

सलोमी खाली बसली.

“वस्तीवर एक उपदेशक आला होता,” मास्तर म्हणाले. “त्यानं गोष्ट सांगितली. प्रभू भर दुपारी दमून विहिरीवर बसला आणि एका शोमरोनी बाईकडं पाणी मागितलं. त्याच्या जातीचे लोक तिच्या लोकांच्या भांड्याला शिवत नसत. आणि ह्याच्यापाशी स्वतःचं भांडं नव्हतं. बाप म्हणाला, म्हणजे ओंजळीनंच प्यायला असणार.”

“तसं शास्त्रात लिहिलेलं नाही.”

“नाही. पण बापाला वाचता कुठं येत होतं? त्याला तहान ठाऊक होती.” मास्तरांनी विहिरीकडं पाहिलं. “वरून ओतणारे त्यानं जन्मभर पाहिले होते. ओंजळ पुढं करणारा देव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. उठला आणि म्हणाला, मला ह्याच्या ओळीत बसवा.”

“पण तुमच्या वडलांना बळजबरीनं बसवलं होतं, मास्तर!”

“हो.”

“मग?”

“...पाणी पाज मला.”

हे नेहमीचंच. उत्तर आवडलं नाही की पूर्वी मास्तर खडू आणायला पाठवायचे. ओसरीवरचा तांब्या उचलून सलोमी तणतणत विहिरीकडं गेली. पोहरा सोडला. कप्पी तशीच कुरकुरली, मधल्या सुट्टीत कुरकुरायची तशी. क्षणभर तिला वाटलं, मागं चाळीस पोरं तहानलेली उभी आहेत आणि कोणीतरी तिची वेणी ओढणार आहे.

तांब्या भरून ती वळली.

मास्तर मागोमाग येऊन, काठी टाकून विहिरीच्या ओट्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसले होते. मान वाकलेली. ओंजळ तोंडाशी.

“ओत.”

“मास्तर, उठा.”

“तहान लागलीय.”

“मग तांब्या घ्या हातात!”

“ओत की.”

“नाही ओतणार.” तिचा आवाज फाटला. “कोणी पाहिलं तर? तुम्ही... तुम्ही माझे मास्तर आहात!”

“खाली बसल्यावर मास्तर राहिलो नाही?”



त्या ओंजळीकडं ती पाहत राहिली. ह्याच बोटांनी तिचं बोट धरलं होतं. पाटीवर तिचा ‘अ’ पोट फुगलेल्या बेडकासारखा आला, तेव्हा ह्याच बोटांनी तो न पुसता शेजारी दुसरा काढून दिला होता. आणि तेव्हाही मास्तर खालीच बसलेले असत, खुर्ची मोकळी ठेवून.

“राहिलात,” ती म्हणाली.

“थोडा कमी?”

“...नाही.”

“मग?”

तिच्याजवळ अविभक्त होतं, अमिश्रित होतं. पण ते सगळं ओसरीवर, कागदात.

सलोमी पायऱ्या उतरली. खालच्या पायरीवर जागा नव्हती, म्हणून ती त्याही खाली, ओल्या चिखलात बसली. उद्यासाठी आणलेला आणि आज उगाच घालून पाहिलेला पांढरा ड्रेस गेला. तिनं तांब्या मास्तरांच्या ओठांइतकाच उचलला आणि हळूहळू कलता केला.

मास्तर प्यायले. अर्धं पाणी कोपरावरून ओघळलं, तिच्या मांडीवर पडलं. मग त्यांनी तांब्या घेतला आणि तिच्यापुढं धरला. सलोमीनं ओंजळ केली. पाणी गार होतं, लहानपणी असायचं तेवढंच.

“देवळाची घंटा उद्या साडेआठला,” मास्तर तोंड पुसत म्हणाले. “उशीर करू नकोस. म्हाताऱ्यांना मी सांगतो.”

आता नाचावं अशी गोष्ट होती. पण सलोमी चिखलातच बसून राहिली.

“मास्तर... उद्या काय बोलू मग?”

वर कप्पीजवळ, जिथं मघाशी ती तांब्या घेऊन उभी होती, तिकडं मास्तरांनी बोट दाखवलं.

“वर बघ, पोरी. ओतणारं कोणी उरलंय का तिथं?”