पुळणवाडीची सुटी गाठ

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी या वेळाईच्या देवळात एक नवस बोलले होते. घरधनी मासेमारीला मचव्यावर गेलेले, आणि चार दिवस त्यांचा पत्ता नव्हता. देवळामागच्या या उंडीच्या फांदीला दोरा बांधला आणि जीव ओतून निरगाठ मारली. तेवढ्यात म्हातारी गुरवीण आली, गाठ बघून म्हणाली, "बाय, नवी दिसतेस. इथं आपल्या घरासाठी नवस बोलत नाहीत, आणि गाठही अशी मारत नाहीत. सोड ती." मला रडूच कोसळलं. मग तिने मला पायरीवर बसवून आवडी नावाच्या बाईची गोष्ट सांगितली. घरधनी सहाव्या दिवशी सुखरूप आले. कोणाच्या नवसाने आले, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही खाडीच्या काठाने आलात, तेव्हा पडाव, म्हणजे रुंद, सपाट बुडाच्या होड्या, पाहिल्या असतील. त्यांची पुढची फळी दारासारखी उघडते. उजव्या अंगाला आता लोखंडी कडी आली आहे, पण डाव्या अंगाला अजून काथ्याची दोरीच असते. कडी मिळत नाही म्हणून नव्हे. त्यामागे जी हकीकत सांगतात, ती अशी.

फार पूर्वी पलीकडच्या पुळणीवरचा, वाळूच्या किनाऱ्यावरचा, तो कोट गनिमाच्या ताब्यात होता. दोन वर्षं त्याच्या तोफांनी खाडीचं तोंड अडवून धरलं होतं. गावाच्या होड्या समुद्रात जाईनात, मासळी मिळेना. मुलं कंदमुळं खाऊन दिवस काढत होती. शेवटी आपलं आरमार आलं. पाच मोठी गलबतं होती म्हणे, भगवी निशाणं लावलेली. गाव काठावर येऊन नाचलं. पण गलबतांची बुडं खोल आणि कोटापुढे पाण्याखाली वाळूचा दांडा. दूरवरच थांबावं लागलं. शिपाई दोरांवरून छातीएवढ्या पाण्यात उतरले, त्यांची दारू भिजली, आणि कोटावरून एकेकाला टिपलं. त्या दिवशी भरतीबरोबर जी माणसं आपल्या काठाला लागली, त्यांना गावातल्या बायकांनी आंघोळ घातली आणि आईच्या मायेने निरोप दिला.

तेव्हा पडाव हाकणारा नागो तांडेल आरमाराच्या सारंगापुढे, म्हणजे प्रमुखापुढे, उभा राहिला. नागोचा पडाव गुरं उतरवण्याचा. अलीकडची गुरं पलीकडे चरायला न्यायची, पडाव वाळूत घुसवायचा, पुढच्या फळीची उजवी दोरी सोडायची आणि फळी दारासारखी बाजूला करायची, की एकेक बैल कोरड्या पायांनी चालत बाहेर. असे बारा पडाव गावात होते.

"म्हणजे आम्ही गुरांच्या वाटेने जायचं?" एक शिपाई फणकारला. "आम्ही काय रेडे आहोत?"

"नाय दादा," नागो म्हणाला, "रेडे उतरताना इतकं बोलत नायत."

सारंगसुद्धा हसला, आणि बेत ठरला. अमावास्येचं उधाण दुपारी भरतं. त्या पाण्यावर बारा पडाव दांडा ओलांडून थेट पुळणीवर जातील. एकेका पडावात पंचवीस जण.

या गावात पडाव वल्हवायचा पुरुषांनी, पण काथ्या वळायचा आणि फळी बांधायची बायकांनी, अशी रीत. नागोची बायको आवडी सकाळपासून त्यांच्या पडावापाशी बसून होती. उजव्या दोरीला तिने नेहमीची सुटी गाठ दिली, ओढली की मोकळी होणारी. डावी दोरी कधी सोडावीच लागत नसे, फळी तिच्यावरच फिरायची. त्या डाव्या दोरीत आवडीने आपला नवस बांधला. सात वेढे घेतले, वर निरगाठ मारली, हळदकुंकू लावलं. "आई वेळाई, माझं कुंकू परत आण. मग ही गाठ मी माझ्या हाताने सोडीन."

नवसाच्या गाठीचा नियम तेव्हा सगळ्यांना ठाऊक होता. जिने बांधली तिनेच सोडायची, तीही नवस फळल्यावर; आधी सोडली तर नवस गेला. दुसऱ्याने कापली, तर नवस बांधणारीवर उलटतो.

नागोने गाठ पाहिली. "एवढं कशाला गो?"

"असू द्या," ती म्हणाली. "कोयता लावू नका म्हंजे झालं."

बायका देवळाच्या टेकडीवर गेल्या. त्यानंतर काठावर सारंगाने एक नवा हुकूम दिला. बैल एकेक उतरतात, पण शिपाई चौघे चौघे धावत उतरले पाहिजेत. तेव्हा दोन्ही दोऱ्या सोडायच्या आणि फळी पुढे आडवी पाडायची. नागो तेव्हा वल्ही मोजून भरून घेण्यात गुंतलेला, त्याच्या कानावर अर्धंच पडलं. बायकांना तर कोणी काहीच सांगितलं नाही.

टेकडीवर आवडीशेजारी भिमी उभी होती, दुसऱ्या एका पडावाचा तांडेल पोशा, त्याची बायको. दोघींचं काथ्या वाळत घालायच्या जागेवरून वर्षभर बोलणं नव्हतं. तरी पडाव निघाले तशी भिमीने आवडीचा हात धरला. उंडीच्या फांद्यांना त्या सकाळी अकरा जणींचे दोरे होते, प्रत्येकीच्या आपापल्या धन्यासाठी.

पडाव एका रांगेत दांड्यावरून गेले. तोफा कडाडल्या, पण बुडं सपाट म्हणून पडाव पाण्यावर पानासारखे चालले. पुळणीला लागले. धाड धाड फळ्या पडल्या, आणि चौघे चौघे शिपाई कोरड्या वाळूवर धावत सुटले. आवडीने मोजलं. अकरा. बाराव्या पडावाची फळी उजवीकडून सुटली होती, डावीकडे अडकून तिरकी वाळूत रुतली होती. मधे एका माणसापुरती फट, आणि कोटावरची प्रत्येक बंदूक त्या फटीवर रोखलेली.

आवडीला कोणी सांगायची गरज पडली नाही. "माझी गाठ," एवढंच ती म्हणाली आणि टेकडी उतरत धावली.

पडावात काय चाललं होतं, ते पुढे वाचलेल्यांनी सांगितलं. शिपाई ओरडत होते, "काप तांडेल, काप!" नागोच्या हातात कोयता होता. पहिला शिपाई फटीतून निघाला तो तिथेच पडला. दुसराही पडला. नागोचा हात वर जाई आणि तसाच खाली येई. "घरच्या बाईचा नवस हाय," तो म्हणत होता. "तिच्यावर उलटंल. दुसरं कायपण सांगा." मरणाला तो भीत नव्हता, असं सांगतात.

आवडीने काठावरची लहान होडी ढकलली. खाडी तिथे अरुंद आहे, तुम्हाला इथून दिसतेच. गोळ्या पाण्यात आपटत होत्या, ती वल्हवत राहिली. पडावाच्या डाव्या अंगाला होडी टेकवून तिने गाठ धरली. काथ्या भिजून फुगला होता, गाठ दगड झाली होती. नखं तुटली, तिने दात लावले. भरतीचं पाणी आता उतरू लागलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता, तर पडाव तिथेच वाळूत बसला असता, आतल्या माणसांसकट.

"आवडे, मागं जा!" नागो ओरडला.

ती त्याच्याकडे बघेना. बघितलं असतं तर हात थांबले असते. वेढा वेढा सोडत ती म्हणत होती, "आई, माझा नवस मी माघारी घेते. ज्याच्यासाठी बांधला तो तुझ्या हवाली. पण हे समदे कुणाच्या तरी घरचे हायत, त्यांना उतरू दे."

सातवा वेढा सुटला. फळी आडवी पडली. शिपाई तिच्यावरून धावले, आणि आवडीवर गोळी येऊ नये म्हणून मधे उभा राहिलेला नागो खांद्याला गोळी लागून तिच्याच होडीत कोसळला.

हे सगळं टेकडीवरून दिसत होतं. सगळ्यांत आधी हलली ती भिमी. पोशासाठी बांधलेला आपला दोरा तिने उंडीवरून सोडला आणि तोच पुन्हा बांधला, मोठ्याने बोलत, "आई, हा नागोसाठी. तिच्याकडं आता मागायला काय उरलं नाय." मग एकेक करून बाकीच्या दहा जणींनीही आपले दोरे सोडले आणि नागोच्या नावाने बांधले.

संध्याकाळपर्यंत कोट पडला. आपल्या बारा तांडेलांपैकी नऊ पायांवर आले. नागो झोळीतून आला, पण श्वास चालू होता. तो जगला. त्याचा डावा हात मात्र पुन्हा कधी वल्ह्यावर चालला नाही. दोघे आलेच नाहीत. त्यांतला एक पोशा होता.

आवडी तेराव्यापर्यंत भिमीच्या दाराशी जाऊ शकली नाही. चौदाव्या दिवशी गेली आणि उंबऱ्यावर डोकं टेकून रडली. "तुझा दोरा तू माझ्यासाठी सोडलास गो. नायतर पोशाभावजी..."

भिमीने तिला उठवलं. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "येडी का खुळी तू? मी नवस बोलले नागो घरी येऊ दे म्हणून. आला ना? मग माझा नवस फळला. आता रडत बसू नकोस, पायली घेऊन ये आणि तांदूळ मोज. घरात तीन पोरं हायत आणि तुझी दोन. आजपास्नं चूल एकच."

ती चूल दोघी मरेपर्यंत एकच होती, असं सांगतात. काथ्या वाळत घालायची जागाही एकच झाली. तिच्यावरून भांडण मात्र त्या शेवटपर्यंत करत राहिल्या म्हणे.

आजही पुळणवाडीत नव्या पडावाची डावी दोरी घरची बाई बांधत नाही, शेजारीण येऊन बांधते, आणि ती सुटी गाठ असते. आजही इथे स्वतःच्या घरासाठी कोणी नवस बोलत नाही. उंडीला हे इतके दोरे दिसतात ना, त्यांतला प्रत्येक दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने आहे. कोणाचा कोणासाठी, हे सांगायची रीत नाही.

तुम्ही लांबून आलात. मनात काहीतरी धरूनच आला असाल, रिकाम्या मनाने या पायऱ्या कोणी चढत नाही. ते देवीला ठाऊक आहे, बोलायची गरज नाही. हा घ्या दोरा. तुमच्या शेजारी कोणी असेल, ज्याची खिडकी बरेच दिवस बंद असते, किंवा ज्याच्याशी तुमचं बोलणं नाही. त्याच्या नावाने एक गाठ बांधा. फार घट्ट नको.