गोपनीय यादीच्या पाच प्रती

क्लोरीनच्या कारखान्याची सुरक्षा सांभाळता सांभाळता कुसुमताई सापळे पार थकल्या होत्या. वर्षातली ही सातवी सरकारी तपासणी. तपासणीला आलेले देवस्थळी साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "कुंपण कुठे कच्चं, पहारा कधी ढिला, सगळी यादी द्या. पाच प्रती. नाहीतर कारखान्याला टाळं."

"गेल्या वर्षी दिली होती, साहेब."

"ती आमच्याकडे कडीकुलपात आहे. गोपनीय कागद तो. यंदाची द्या."

ताईंनी पिशवीतून एक तेलकट कागद काढून टेबलावर पसरला. गेल्या वर्षीचीच यादी, गोपनीय शिक्क्यासकट.

"काल तुमच्या कचेरीसमोर भजी घेतली, ती यात बांधून मिळाली," त्या शांतपणे म्हणाल्या. "यंदाच्या प्रती तुमच्याकडे देऊ, की परस्पर भजीवाल्याकडेच पोचवू?"