टाकीच्या उद्घाटनाची शाल

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या शिष्याला घेऊन गावच्या नव्या पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनास गेले. शिष्य आतून धुमसत होता. टाकी वरच्या वस्तीलगतच्या टेकाडावर झाली असती, तर पाणी साऱ्या गावाला आपसूक मिळाले असते. ती बांधली खाली, सरपंचांच्या मळ्याशेजारी. वस्तीपर्यंत पाणी चढणारच नव्हते. शिष्याची आई त्याच वस्तीत राहायची आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ओढ्यावरून हंडे वाहायची.

सरपंचांनी गावातील ज्येष्ठ म्हणून गुरुजींना शाल-श्रीफळ दिले. गुरुजींनी सर्वांदेखत ती शाल शिष्याच्या खांद्यावर घातली, नारळही त्याच्याच हाती ठेवला. "टाकी इथं झाली ती या वरच्या वस्तीकरांमुळं. मान त्यांचाच," असे ते म्हणाले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला आपल्याकडे कारण लागत नाही.

परतताना शिष्याला राहवेना. "गुरुजी, चार लोकांत शोभा केलीत माझी! चोरी त्यांची आणि सत्कार माझा?"

"टाकीच्या जागेची ग्रामसभा तहकूब का झाली होती?"

"गणपूर्ती झाली नाही."

"तू कुठं होतास?"

"कबड्डीच्या सामन्याला." शिष्याचा आवाज उतरला. "पण वस्तीतलं कुणीच गेलं नव्हतं."

"तेच म्हणतोय मी. तहकूब सभा पुन्हा भरली, की तिला गणपूर्ती लागत नाही. हा नियम सरपंचाला ठाऊक होता, तुम्हालाही होता. त्याला तुमची मतं नकोच होती, गैरहजेरी हवी होती. ती तुम्ही दोन्ही वेळा न मागता दिलीत. मग त्याच्या पाच-सात माणसांनी हात वर केले आणि ठराव झाला. चोर कडी तोडून शिरतो, बाळा. इथं दार सताड उघडं होतं. पंचायत सेवा करते, नाही असं नाही. पण जो समोर येऊन बसतो, त्याची करते."

वस्तीच्या चढावर शिष्याची आई भेटली. दम खायला तिने हंडा कठड्यावर उतरवला होता. मुलाच्या खांद्यावर शाल पाहून तिचा चेहरा फुलला.

"कशाबद्दल दिली रं?"

शिष्याने मान खाली घालून खरे ते सांगितले, "सभेला गेलो नाही, त्याबद्दल."

आईने हात पुढे केला.

"आण इकडं. हंड्याखाली डोक्यावर चुंबळीला व्हईल."