टवका उडालेली पणती

उंबरमळा हे घाटमाथ्यावरचे लहानसे गाव. आषाढात तिथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भिंतींना ओल चढते, अंथरुणे दमट होतात आणि माणसांची मनेही तशीच होऊन बसतात. अशाच एका आषाढात दाजीमहाराज त्या गावी ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळात उतरले होते. अंगावर एक घोंगडी, हाती झोळी. दुपारी दोन-तीन घरी माधुकरी मागावी आणि उरला दिवस गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून राहावे, एवढाच त्यांचा क्रम.

दिव्याच्या अवसेला महाराज दळव्यांच्या दारी आले. अवसेला घरातले सगळे दिवे चिंच-राखेने घासून पाटावर मांडायचे, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि तिन्हीसांजेला आईने लेकरांना ओवाळायचे, ही रीत आपल्याकडे घरोघर आहेच. दळव्यांच्या घरात तिच्यापुढे आणखी एक रीत होती. ओवाळण्याआधी घरच्या बायका एकेका दिव्याला हात लावून त्याने वर्षभरात काय केले ते बोलून दाखवीत आणि त्याचे उपकार मानीत. "लामणदिव्या, तुझ्या उजेडात वन्संची ओटी भरली, तुझे उपकार आहेत." "कंदिला, वासरू अडलं त्या पहाटे तू गोठ्यात जळलास, तुझे उपकार आहेत."

महाराज पोचले तेव्हा थोरली जाऊ गोदाक्का पाटावर दिवे मांडत होती. शेजारच्या दोघी बायका कौतुकाने बघत होत्या. पितळेच्या समया अशा लखलखत होत्या की त्यांत तोंड दिसावे! तेवढ्यात धाकटी जाऊ सगुणा माजघरातून आली आणि तिने पाटाच्या अगदी कडेला एक मातीची पणती ठेवली. काठाचा टवका उडालेली, धुराने काळवंडलेली.

"ही कशाला आणलीस?" गोदाक्काने विचारले.

"माझ्या खोलीतली आहे, अक्का. दरसाल ठेवतेच की."

"दरसालची गोष्ट वेगळी होती. या पणतीनं मरण पाहिलंय. हिच्या उजेडात माझ्या मथूला बसवू होय?"

सगुणेची चार वर्षांची बकुळा मागच्या श्रावणात गोवराच्या तापात गेली होती. या पणतीपाशीच ती जन्मली होती आणि या पणतीपाशीच तिने डोळे मिटले होते.

गोदाक्का शेजारणींकडे वळली. "आणि ओवाळणार तरी कुणाला, गं? रिकाम्या पाटाला?"

एक शेजारीण हसली. दुसरीने मान खाली घातली. गोदाक्काने पणती उचलून घरकामाच्या गडिणीच्या हाती दिली आणि बजावले, "ओढ्यापलीकडच्या उकिरड्यावर टाकून ये. घरात नको."

हे सगळे दोन जणांनी पाहिले. एक दारात उभे असलेले महाराज. दुसरी गोदाक्काची सहा वर्षांची मथू. बकूची आणि तिची भातुकली त्याच पणतीच्या उजेडात मांडली जायची.

सगुणा भाकरी घेऊन दारात आली.

"महाराज, रीत आहे म्हणून उपकार मानायला गेले होते," ती म्हणाली. "खरं सांगू? तोंडातून शब्दच निघत नव्हता. पोर नेली देवानं. आता आभार कसले मानू?"

महाराजांनी भाकरी झोळीत घेतली. मग म्हणाले, "बाई, आज नसेल निघत तर राहू दे. पण राहिलंय, एवढं ध्यानात असू दे."

संध्याकाळी पावसाने जोर धरला. धुके इतके उतरले की अंगणातले तुळशीवृंदावन दिसेना. गोदाक्काने पाट मांडला, रांगोळी घातली आणि हाक मारली, "मथू, ये गं, ओवाळते!" ओ आली नाही. माजघर, गोठा, माडी, सगळे पाहून झाले. शेवटी गडीण रडत म्हणाली, "वयनी, मघा मला विचारत होती, पणती कुठं टाकलीस म्हणून."

गोदाक्काच्या हातातले तबक खाली पडले.

सारे घर ओढ्याकडे धावले. ओढा दुथडी भरला होता आणि त्यावरचा ये-जा करायचा लाकडी साकव वाहून गेला होता. पुरुषांनी पलिते पेटवले, ते पावसाने विझले. गोदाक्काने आणलेला कंदील वाऱ्याच्या एका झोताने गेला. पाण्याच्या घोंगावण्यात हाक ऐकू जाईना. मथू या काठी की त्या काठी, जमिनीवर की पाण्यात, काहीच कळेना.

देवळातून महाराज आले. गोदाक्काने त्यांचे पाय धरले. "महाराज, माझी मथू! काय वाटेल ते करते, मथू द्या!"

महाराजांनी तिच्याकडे पाहिले, पण बोलले ते सगुणेशी. "मुली, दुपारी राहिलेलं आता बोल."

"कुणाला बोलू, महाराज? पणती नाही. पोर नाही."

"जे हातात नाही, त्यालाच बोल."

सगुणा काठावर उभी राहिली. पदर डोक्याला चिकटला होता. तिने रिकामे हात पुढे केले आणि समोरच्या अंधाराला ओवाळू लागली. आधी नुसते ओठ हलले. मग आवाज फुटला.

"पणती, माझी बकू जन्मली तेव्हा तिचं तोंड तू मला दाखवलंस. गोवरात सात राती तू माझ्यासंगं जागलीस. शेवटी तिनं डोळे उघडले, तेही मला तुझ्याच उजेडात दिसले. माझी पोर अंधारात गेली नाही. एवढं केलंस, बाई. तुझे उपकार आहेत."

आणि काय सांगावे! ओढ्याच्या मधोमध, धुक्यात, एक ज्योत दिसली. एवढ्या पावसात न हलणारी! तिच्या उजेडात खडकावर उकिडवी बसलेली मथू दिसली. पाणी तिच्या पावलांना लागले होते. दोघा गड्यांनी कमरेला दोर बांधले, ज्योतीच्या रोखाने पाण्यात शिरले आणि मथूला उचलून काठावर आणले. आईच्या कुशीत ती आली त्याच क्षणी ज्योत मालवली. मथूच्या हातात टवका उडालेली पणती होती. तिच्यात तेल नव्हते, वात नव्हती. काठोकाठ पावसाचे पाणी होते.

"मी परत येत होते, तर साकव हलला," मथू हुंदके देत म्हणाली. "बकू म्हणाली, खडकावर बस नि पणती घट्ट धर."

सगुणा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. तिने एवढेच विचारले, "पावसात भिजली होती का गं ती?"

"नाही, काकू. कोरडी होती."

सगुणेने तोंडात पदर कोंबला.

गोदाक्का महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकली. महाराज बाजूला झाले. "इथे नको, बाई," ते म्हणाले. तेव्हा थोरली जाऊ धाकटीसमोर चिखलात वाकली. सगुणेने तिला खांद्यांना धरून उठवले. "अक्का, आधी पोरीला कोरडं करा. गारठलीय ती."

बकू काही परत आली नाही. महाराजांनी तसे आश्वासनही दिले नाही. पण त्या संध्याकाळी दळव्यांच्या घरात दोन पाट मांडले गेले. एकावर मथू बसली, दुसरा रिकामा राहिला. समया मागे सरकल्या आणि मधोमध ती पणती आली, तेल घालून, नवी वात लावून. सगुणेने आधी मथूला ओवाळले, मग रिकाम्या पाटाला. कुणी हसले नाही.

शेवटी गोदाक्का पुढे झाली. रीतीप्रमाणे तिने पणतीला हात लावला. "पणती, तू माझ्या मथूला..." एवढेच तिला म्हणता आले. पुढचे शब्द निघेनात. तिने त्या रिकाम्या पाटापुढे कपाळ टेकले आणि फार वेळ वर केले नाही.