करपेधारीची बाहेरची कडी

समोर तो काळा कडा दिसतो ना, ती करपेधार. पावसाळ्यात आजूबाजूचे सगळे डोंगर हिरवे होतात, पण त्या कड्यावर गवताची काडी उगवत नाही. येणारे विचारतात, वणवा लागला होता का? वणवा नव्हे. मी इथला गुरव. आजोबांकडून जे ऐकले ते सांगतो.

फार पूर्वी या पठारावर व्याळ होते म्हणे. देवळाच्या खांबांवर कोरलेले असतात तसेच, पण पंखांचे आणि आग ओकणारे. बारा व्याळ, बारा स्वार. स्वारांत बायकाही होत्या, कारण व्याळ आपला स्वार आपणच निवडत असे. पठाराचे रक्षण त्यांच्यावर होते, म्हणून त्यांची वीण खुंटेल याची सगळ्यांना धास्ती. त्या धास्तीतून एक रीत पडली. माघात ज्या दोन व्याळांची जोडी जमेल, त्यांच्या स्वारांनी सात रात्री एका खोलीत नवराबायकोसारखे राहायचे. दोघांची लग्ने दुसरीकडे झालेली असली तरी. न राहिले तर अंडे फुटून पिल्लू बाहेर येत नाही, असे म्हणत. दाराला बाहेरून कडी घालायची ती बाईच्या नवऱ्याने, म्हणजे त्याची हरकत नाही हे दिसावे. बाईची हरकत आहे की नाही, हे विचारायची रीत नव्हती.

त्या स्वारांत जिवाई नावाची एक बाई होती. तिच्या व्याळीचे नाव धुपी. जिवाईचा नवरा सिदू व्याळांची खोगिरे शिवायचा. दोघांचे चांगले चालले होते. एका माघात धुपीची जोडी हैबती नावाच्या स्वाराच्या व्याळाशी जमली.

जिवाई स्वारांच्या नाईकासमोर उभी राहिली. म्हणाली, "धुपीने तिचा जोडीदार निवडला. मी माझा केव्हाच निवडलाय. मी त्या खोलीत जाणार नाही."

नाईक म्हणाला, "तुझ्या आधीच्या सगळ्या गेल्या. तू कोण मोठी लागून गेलीस?"

ती जाईना, तेव्हा चौघांनी तिला धरून नेले. हैबती आधीच आत बसला होता. नाईकाने सिदूकडे पाहिले. सिदूने कडी लावली.

सकाळी त्यानेच ती काढली. जिवाई बाहेर आली. हैबतीकडे तिने वळूनही पाहिले नाही. सिदूला म्हणाली, "मी आतून हाका मारत होते. तुम्हांला ऐकू आल्या?"

सिदू खाली मान घालून म्हणाला, "आल्या."

ती धुपीवर खोगीर न घालताच बसली आणि निघाली. व्याळी गेली तर वीण गेली, म्हणून नाईकाने दोन स्वार मागे धाडले. त्यांनी तिला त्या कड्यापाशी गाठले. परत फिर, असे ओरडून सांगितले. ती फिरली नाही. मग दोन्ही बाजूंनी आग सुटली. कडा तीन दिवस धुमसत होता. दरीत उतरून माणसांनी पुष्कळ शोधले, पण त्यांना काही मिळाले नाही. धुपीने त्याच रात्री घातलेले अंडे मागे उबेवाचून गार पडले.

चौथ्या दिवशी सगळे चावडीवर जमले. जिवाईच्या हट्टापायी अंडे गेले, असे नाईक सांगत होता. तेव्हा ठकूआजी उठली. तरुणपणी तीही स्वार होती. म्हणाली, "त्या खोलीत जायची माझी पाळी आली तेव्हा आम्ही दोघं सातही रात्री एकमेकांकडे पाठ करून बसलो होतो. त्यानं मला बोटही लावलं नाही. तरी अंडं फुटलं."

नाईक म्हणाला, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"भ्यायले," म्हातारी म्हणाली. "बोलले असते तर ती पोर जगली असती."

सिदू उठला, घरी गेला आणि पहार घेऊन आला. त्याने त्या खोलीची बाहेरची कडी उखडली. मग पुढच्या घराची, मग त्याच्या पुढच्या. त्याला कुणी अडवले नाही. शेवटच्या दारापाशी पोचला तेव्हा त्याच्या हातांची सालटी निघाली होती. पुढे तो कुणाशी फारसा बोलला नाही. व्याळही एकेक करून उडून गेले, ते परतले नाहीत.

आजही आमच्या गावात एकाही दाराला बाहेरून कडी नाही. परगावी जायचे तर शेजाऱ्याला सांगून जातो. लग्नाच्या दिवशी नवरी खोलीत एकटी बसते, आतून कडी लावून. नवरा अंगणात उभा राहून एकदाच हाक मारतो. तिने दार उघडले तर लग्न. गेल्या वैशाखात माझ्या पुतणीने उघडले नाही. वऱ्हाड पंगतीला बसले, जेवले आणि आपल्या गावी गेले. का उघडले नाहीस, असे तिला कुणी विचारले नाही.